सासवडच्या मंडपातून परतलेलीस

चि. …,
अनेक आशीर्वाद. वारीतल्या फिजिओथेरपी सेवेहून परतल्यावर तू लिहिलंस, ‘दिवसभर पोटऱ्याच चोळल्या. ना आयएफटीचा विजेचा उपचार, ना अल्ट्रासाउंडचा ध्वनिलहरींचा. यात मी शिकले काय?’ तुझा प्रश्न मनाला लागला. चोळण्यात वाईट काही नाही गं. पण पुण्याहून दिवे घाट चढून आलेली माउली पुढच्या मुक्कामाला तुझे हात घेऊन जात नाही. पोटरी ताणायचा व्यायाम तिच्याकडूनच करून घे.

ट्रॉलीला हात टेकवून उभं कर. दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला. ३० सेकंद, तीनदा. मग तोच गुडघा किंचित वाकवून पुन्हा, म्हणजे पोटरीचा आतला स्नायू, सोलियसही, ताणला जातो. इथे हमखास मागचं पाऊल बाहेर वळतं, ताण तळव्याच्या कमानीवर जातो आणि पोटरी आखडलेलीच राहते. करून दाखव, करून घे, मग न बोलता बघ. ‘समजलं ना, आजी?’ विचारलंस तर आजी ‘हो बाई’ म्हणणारच. ‘उद्या विसाव्याला काय करणार, दाखवा बरं’ असं म्हण.

मधुमेह आहे म्हणाले की तेल बाजूला. आधी तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघ. मग डोळे मिटायला सांगून मोनोफिलामेंट, म्हणजे १० ग्रॅम दाबाला वाकणारा, स्पर्श तपासायचा नायलॉनचा तंतू घे आणि घट्टा टाळून, तंतू वाकेपर्यंत टेकव. ‘लागतंय का?’ नको, तिथेही होच येतं. ‘लागलं की सांगा, कुठे तेही सांगा.’ उत्तर आलं नाही तर गरम शेक बंद. भाजलेलं त्यांना कळणार नाही. आणि एकच पोटरी सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखरी असेल तर चोळायचीच नाही. आत रक्ताची गुठळी असली आणि ती सुटली तर फुप्फुसात जाते. थेट डॉक्टरांकडे पाठव.

रांग मोठी होती, हे मला सांगू नकोस. चोळण्यातली तीन मिनिटं कमी कर. लोक मालिश मागतील, थोडी दे. थकल्या पायाला मायेचा हात हवाच. पण करून घेतल्याशिवाय उठू देऊ नकोस. हा हट्ट मला उशिरा सुचला, त्याची चुटपुट आहे, म्हणून तुझ्यामागे लागते. विभागात रुग्ण उद्या परत येतो, आपली चूक निस्तरता येते. वारीत तो पुढे गेलेला असतो.

पुढच्या पत्रात किती पोटऱ्या चोळल्यास ते लिहू नकोस. किती जणांनी तुला करून दाखवलं आणि कुणाचं पाऊल कुठे वळलं, ते लिही.

तुझी,
मॅडम