न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना आता कोणालाही मिळतो का?

कोणालाही मिळतो असे नाही; मात्र आपल्याला इतरांपेक्षा अधिक धोका आहे, हे अर्जदाराने सिद्ध करण्याची जुनी अट आता उरलेली नाही. शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली ही अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने घटनाबाह्य ठरवली, आणि शस्त्रांवरील कोणतेही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळले पाहिजे, अशी कसोटी न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी निकालात घालून दिली. माझ्या मते पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या कसोटीतच आहे, कारण आजच्या भुयारी रेल्वेत पिस्तूल नेऊ द्यावे का, याचे उत्तर १८व्या शतकातील कायद्यांत शोधणे न्यायाधीशांनाही जड जाते. अखेर शस्त्रांविषयीच्याच रहीमी खटल्याच्या २०२४ मधील निकालात, तंतोतंत जुळणारा जुना कायदा दाखवण्याची गरज नाही, असा खुलासा न्यायालयाला करावा लागला.

न्यूयॉर्कने लगोलग नवा कायदा केला. त्यात १८ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे असून त्यांपैकी २ तास प्रत्यक्ष गोळीबाराचे आहेत, आणि टाइम्स स्क्वेअरसारख्या गर्दीच्या ठिकाणी परवानाधारकालाही पिस्तूल नेण्यास बंदी आहे. तिथे तसे फलकच लावले गेले. या नव्या कायद्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी हेही ध्यानात घ्यावे की तिथला परवाना हडसन नदीपलीकडे, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये, चालत नाही.