सांगलीच्या माणसानं परदेशात चांगलं चायनीज कसं शोधावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे सांगलीचे, नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेलात, आणि तिथल्या चायनीज हॉटेलांत जेवून समाधान काही होत नाही. सगळं गोडसर, तिखटाचा पत्ता नाही. मी सांगलीच्याच वालचंद कॉलेजात शिकलो, पुढं बरीच वर्षं बर्लिनला नोकरी केली, आता परत सांगलीत, विश्रामबागला राहतो. थोडक्यात सांगायचं तर पाटीवर नुसतं 'चायनीज' लिहिलेलं हॉटेल सोडा आणि चीनमधल्या एखाद्या प्रांताचं किंवा शहराचं नाव लावलेलं शोधा.

पण आधी मनाशी ठरवा, तुम्हाला आठवण येतेय ती आपल्या गाडीवरच्या चायनीजची का? ट्रिपल शेजवान, मंचुरियन, वर बचकभर चिरलेला कोबी? ते भारतातच तयार झालेलं खाणं आहे. कोलकात्यात, विशेषतः टांग्रा भागात राहिलेल्या हक्का चिनी कुटुंबांनी ते आपल्या जिभेला रुचेल असं घडवलं. चिकन मंचुरियन तर 1975 च्या सुमारास मुंबईत नेल्सन वांग यांनी पहिल्यांदा केलं असं सांगतात. कोलकात्याची बरीच हक्का मंडळी टोरांटोला गेली, त्यामुळं तिथं हा प्रकार सहज मिळतो. जर्मनीत एखाद्या भारतीय हॉटेलच्या मेन्यूत 'इंडो-चायनीज' असं पान सापडलं तर ठीक, नाही तर घरीच करा. भात आदल्या दिवशीचा घ्या, कढई चांगली कडकडीत तापू द्या आणि एका वेळी एकाच माणसापुरता परता. विजेच्या शेगडीवर ढीगभर भात टाकला की कढई थंड पडते आणि भात नुसता वाफेवर मऊ होतो.

आता चीनमधल्या जेवणाकडं वळू. बर्लिनमधलं पहिलं चिनी रेस्टॉरंट 1923 मध्ये कांटस्ट्रास या रस्त्यावर निघालं, आणि त्या रस्त्यावर आजही आशियाई हॉटेलांची रांग आहे. मात्र जर्मनीतल्या बऱ्याच जुन्या चिनी हॉटेलांनी तिथल्या गिऱ्हाइकाला आवडेल तीच चव धरली. कुरकुरीत बदक, घट्ट गोड-आंबट सॉस, दुपारचा बुफे. तुम्ही गेलात ती बहुतेक याच वळणाची असणार.

तुम्हाला हवी आहेत ती अलीकडची, चिनी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या जिवावर चालणारी. ती बऱ्याचदा विद्यापीठाच्या किंवा मोठ्या स्टेशनच्या आसपास असतात. पाटीवर सिचुआन, हुनान, लानचौ, शिनजियांग असं काहीतरी दिसेल. गूगलवर तारे किती ते मी फारसं बघत नाही, लोकांनी काढलेले फोटो बघतो. लाल तेलात बुडालेल्या सुक्या मिरच्या, अख्खा मासा, आणि टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या थाळ्यांतून चौघंजण मिळून जेवताहेत असा फोटो दिसला की निघायचं. रिव्ह्यू चिनी लिपीत असतील तर आणखी चांगलं. आशियाई किराणा दुकानात गल्ल्यावर चिनी माणूस असेल तर तुम्ही स्वतः कुठं जेवता, असं सरळ विचारा. लोक आनंदानं सांगतात.

तिखटासाठी सिचुआन. तिथली मिरी आपल्या तिरफळाच्या जातकुळीतली आहे. कोकणात माशाच्या आमटीत तिरफळ खाल्लं असेल तर जिभेला येणाऱ्या मुंग्या तुम्हाला नव्या वाटणार नाहीत. सोबत व्हिनेगर आणि मिरची घालून परतलेला बटाट्याचा बारीक कीस मागवा. बटाटा कच्चट, करकरीत ठेवलेला असतो, त्यांना तो तसाच आवडतो.

पण मटणावर जीव असेल तर माझं ऐका आणि शिनजियांगचं हॉटेल गाठा. जिरं आणि मिरचीपूड लावून निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाच्या सळया मिळतात. टेबलावर येतात तेव्हाही चरबी चुरचुरत असते. तिथला 'दा-पान-जी' म्हणजे हाडांसकट चिकन, बटाट्याच्या मोठ्या फोडी, ढोबळी मिरची, सुक्या मिरच्या आणि चक्रीफूल घातलेला लालभडक रस्सा. परातीएवढ्या थाळीत येतो. चिकन निम्मं संपलं की उरलेल्या रश्श्यात हातानं ओढलेल्या रुंद, पट्ट्यांसारख्या नूडल्स घालतात आणि त्या रस्सा पिऊन टम्म होतात. रश्श्यावर वाढलेल्या माणसाला परदेशात याहून जवळचं जेवण मला तरी दुसरं मिळालं नाही. एकट्यानं मात्र मागवू नका, तीन-चार जण लागतात. ही हॉटेलं बहुधा मुस्लिम मालकांची असल्यानं डुकराचं मांस नसतं. लानचौच्या नूडल्सच्या दुकानातही ते नसतं, पण त्यांचं सूप गाईच्या हाडांचं असतं. चालत नसेल तर तिकडं जाऊच नका.

शाकाहारी असाल तर जास्त जपायला लागेल. सिचुआनच्या टोफूवर गाईचा किंवा डुकराचा खिमा घालतात, परतलेल्या घेवड्यातही घालतात, आणि साध्या पालेभाजीत कालवांचा ऑयस्टर सॉस असू शकतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार पदार्थात 14 ॲलर्जीकारक घटकांपैकी काय आहे हे हॉटेलवाल्याला सांगावं लागतं. मेन्यूत पदार्थाच्या नावापुढं बारीक अक्षरं किंवा आकडे असतात ते त्याचेच, यादी बहुधा शेवटच्या पानावर असते. मासे, कोळंबी, शिंपले त्यावरून कळतात. खिमा, चरबी, हाडांचं पाणी मात्र कळत नाही. त्यासाठी फोनवर चिनी भाषेत वाक्य लिहून वाढणाऱ्याला दाखवा. बौद्ध पद्धतीचं शाकाहारी हॉटेल सापडलं तर प्रश्नच मिटला, तिथं बऱ्याचदा कांदा-लसूणही नसतो.

सोमवारी बरीच हॉटेलं बंद असतात आणि काही ठिकाणी कार्ड चालत नाही. निघण्याआधी फोन करा आणि खिशात थोडी रोख ठेवा.