मोरपंखीची रोपे का कोलमडतात?

प्रश्न : पुण्याजवळ उरुळी कांचन भागात आमची छोटी रोपवाटिका आहे. मोरपंखीचे बी टाकले की रोपे चांगली उगवतात, पण काही दिवसांतच जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. पिशवीतली वर्षभराची रोपेही आतून तपकिरी होत आहेत. दोन वेळा बुरशीनाशक फवारले, फरक पडला नाही. काय करावे?

उत्तर : दादा, ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत, त्यामुळे दोन्हींना एकच औषध चालणार नाही.

कोवळी रोपे आडवी पडतात ती रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजॅरियम या मातीतल्या बुरशी खोडाला जमिनीलगत धरतात, म्हणून शेंड्यावर फवारलेले औषध तिथवर पोचतच नाही. पडलेले रोप वाचत नाही. ते भोवतालच्या मातीसह काढून वाफ्याबाहेर टाका, पाणी एक-दोन दिवस तोडा आणि उरलेल्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराईड 10 लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम या प्रमाणात आळवणी करा, म्हणजे औषधाचे पाणी मुळाशी ओता.

पण खरा इलाज पेरणीच्या आधीचा आहे. बी दाट पडले, शेणखत कच्चे राहिले किंवा संध्याकाळी पाणी देऊन वाफा रात्रभर ओला राहिला, की मर हमखास येते. उगवणीच्या काळात युरिया तर नकोच. लुसलुशीत खोडात बुरशी पटकन शिरते. एप्रिल-मेच्या उन्हात वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा, कडा मातीने बंद करा आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवा. या कामाला खर्च थोडा आणि गुण मोठा. त्यानंतर पूर्ण कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मुरवून वाफ्यात मिसळा. मात्र ट्रायकोडर्मा आणि रासायनिक बुरशीनाशक यांत आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवा, नाहीतर तुम्हीच आणलेली उपयोगी बुरशी तुमच्याच औषधाने मरेल. बी सेंटिमीटरभर खोल, विरळ ओळीत टाका आणि पाणी सकाळीच, झारीने द्या.

आता पिशवीतली रोपे. आधी एक रोप पिशवी फाडून पाहा. मुळे पांढरी, घट्ट असतील तर मूळ ठीक आहे. मुळी तपकिरी असेल आणि चिमटीत ओढल्यावर तिची साल सुटून आत दोऱ्यासारखा गाभा उरत असेल, तर ती मूळकुज. तिथे फवारणीत पैसे घालवू नका. पिशवीची भोके बुजलीत का, पिशव्या थेट चिकण काळ्या मातीवर ठेवल्यात का, ते बघा. पिशव्या उचलून खडीच्या थरावर ठेवा आणि भरताना काळ्या मातीऐवजी पोयटा (गाळाची माती), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व कुजलेले शेणखत वापरा.

मुळे चांगली असूनही पाने निस्तेज, तांबूस होत असतील तर लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारा अगदी बारीक जीव, आहे का ते तपासा. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर बारीक ठिपके चालू लागले, तर कोळीच. कोळी हा कीटकही नाही आणि बुरशीही नाही, म्हणून बुरशीनाशकाच्या तुमच्या दोन्ही फवारण्या वाया गेल्या. सकाळी पाइपने जोरात पाणी मारून झाड आतपर्यंत धुवा. प्रमाण जास्त असेल तर पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक 10 लिटरला 20 ग्रॅम फवारा, पण कडक उन्हात नको आणि निंबोळी तेलासोबत तर अजिबात नको, पाने भाजतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके टाळा, त्यांनी कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो.

मुळे निरोगी, कोळीही नाही आणि फक्त अगदी आतली जुनी पाने वाळत असतील तर घाबरू नका. पिशव्या खेटून ठेवल्याने आत ऊन पोचत नाही. त्या विरळ करा. हे काम लांबवू नका, कारण आतून उघडी पडलेली जुनी फांदी मोरपंखीत सहसा पुन्हा फुटत नाही आणि तसे रोप गिऱ्हाईक घेत नाही.

पुढच्या हंगामात सोनेरी मोरपंखी करायची असेल तर ती बियांपासून करू नका, रंग एकसारखा येत नाही. खात्रीच्या मातृवृक्षावरून कलमकाड्या घ्या.