ब्रेटन लोकांना आणि त्यांच्या भाषेला मराठीत काय म्हणायचं? ब्रेटन म्हणजे ब्रिटिशच ना?

नाही. ब्रेटन म्हणजे फ्रान्सच्या वायव्य टोकाचे लोक, आणि त्यांची भाषा फ्रेंचची बोली पण नाही. हे दुसरं तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी तिथल्याच रॉस्कॉफ गावी समुद्री शेवाळावर काम करत होते, तिथे सागरी जीवशास्त्राचं 1872 पासूनचं केंद्र आहे. राहायचे एका आजींच्या घरी, ऐंशी पार केलेल्या, शाळेत जाईपर्यंत फ्रेंचचा एक शब्द माहीत नव्हता त्यांना. माझा मावसभाऊ पुण्यात फ्रेंच शिकवतो, तो युरोप फिरायला आला तेव्हा माझ्याकडे उतरला आणि जेवताना त्याने आजींना अस्खलित फ्रेंचमध्ये विचारलं, तुमचं ते पात्वा अजून कोणी बोलतं का? पात्वा म्हणजे गावंढळ बोली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी काही बोलल्या नाहीत, बोटांवर मोजायला लागल्या. उनान, दाउ, त्री, पेवार, पेम्प. मग म्हणाल्या, वडील गलबतातून वेल्सला जायचे कांदे विकायला, तिथले लोक मोजतात ईन, दाय, त्री, पेडवार, पिम्प. आता तुझं फ्रेंच म्हण.

रॉस्कॉफचे गुलाबी कांदे प्रसिद्ध आहेत. 1828 पासून तिथले शेतकरी इंग्लिश खाडीपलीकडे ब्रिटनमध्ये जाऊन ते दारोदार विकायचे, पुढे सायकलीला वेण्या लटकवून. इंग्रज त्यांना जॉनी म्हणायचे, वेल्समध्ये शोनी विनुन्स. आजींचे वडील म्हणे थोड्याच दिवसांत वेल्सच्या बायकांशी भाव करायला लागायचे, पॅरिसवाल्यांशी बोलताना मात्र अडखळायचे. आणि शाळेत ब्रेटन बोललं की गळ्यात लाकडी बूट अडकवायचे, दुसरं कोणी बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात, संध्याकाळी ज्याच्याकडे राहील त्याला शिक्षा. ही पद्धत तिकडे बऱ्याच शाळांत होती. आजींनी हे सगळं भाऊसाहेबांना सांगितलं, तरी परत येताना ट्रेनमध्ये त्याचं तेच, "अगं पण अर्धे शब्द फ्रेंचच आहेत ना." मराठीत हजारो शब्द फारसी आहेत, म्हणून मराठी फारसीची बोली झाली का? ब्रेटन केल्टिक कुळातली भाषा आहे, वेल्श आणि कॉर्निशची (इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची भाषा) सख्खी बहीण, विषय संपला.

आता नावं. पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास आजच्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातून आणि वेल्समधून ब्रिटन लोक, म्हणजे तिथले जुने केल्टिक रहिवासी, समुद्र ओलांडून इकडे आले आणि नाव सोबत घेऊन आले. त्याआधी या भागाला आर्मोरिका म्हणायचे, म्हणजे समुद्राकाठचा. मग हे झालं धाकटं ब्रिटन, आणि वेगळं ओळखता यावं म्हणून पलीकडचं ग्रेट, म्हणजे थोरलं. फ्रेंचमध्ये अजूनही हे ब्रतान्य आणि ते ग्रांद-ब्रतान्य. कॉर्निशमध्ये ब्रेतन व्हियन, म्हणजे छोटं ब्रिटनच. गंमत म्हणजे आयरिश लोक छोटं ब्रिटन म्हणतात ते वेल्सला. आणि वेल्सवाले, एवढे जवळचे नातेवाईक, पण त्यांचं नाव सगळ्यांपेक्षा वेगळं, प्रदेश लिदाव आणि भाषा लिदावेग, जुन्या लेतावियावरून आलेलं.

ते स्वतः प्रदेशाला ब्रेइझ म्हणतात, भाषेला ब्रेझोनेग (शेवटचा ग बोलताना क सारखा). व्हान गावाकडे झ च्या जागी ह ऐकू येतो, ब्रेहोनेग, म्हणून 1941 च्या लेखनपद्धतीत झेड आणि एच दोन्ही अक्षरं शेजारी बसवली, गाड्यांवर बीझेडएच चे स्टिकर दिसतात ते त्यातूनच. फ्रेंच माणूस त्यांच्या लेखी गाल, इंग्रज साओझ.

मराठीत मी प्रदेशाला ब्रतान्य आणि माणसाला ब्रेटन लिहीन. ब्रिटनी पण चालतं, पण मग अर्ध्या लोकांना गायिका आठवते. भाषेचं नाव पहिल्यांदा येईल तिथे ब्रेझोनेग लिहा, मग खुशाल ब्रेटन. लोक स्वतःच्या भाषेला जे म्हणतात ते एकदा तरी छापून यावं, एवढा मान द्यायला काय जातं? 2018 च्या सर्वेक्षणात बोलणारे सुमारे 2 लाख होते, 2024 च्या सर्वेक्षणात 1 लाख 7 हजारच उरले, बहुतेक म्हातारे. 1977 पासून दिवान नावाच्या शाळा ब्रेटनमधून शिकवतात, पण म्हातारी माणसं जातायत त्या वेगाने मुलं तयार होत नाहीयेत.

एक राहिलंच, प्रत्येक ब्रेटन माणूस ब्रेटन बोलत नाही. त्यांच्याकडे दोन वेगळे शब्दच आहेत, ब्रेझाद म्हणजे तिथला माणूस आणि ब्रेझोनेगर म्हणजे ती भाषा बोलणारा. पूर्वेला रेन शहराकडे पूर्वापार गालो नावाची भाषा बोलतात, ती मात्र खरंच फ्रेंचच्या कुळातली आहे. मावसभाऊ रेनच्या आसपास उतरला असता तर निदान कुळ तरी बरोबर सांगितलं असतं, पण गावंढळ म्हणायचा हक्क त्याला तिथेही नव्हता.