वाचक विचारतात : पेन ड्राइव्ह शून्य बाइट दाखवतो तेव्हा

प्रश्न : आमचं डीटीपीचं दुकान आहे. साध्या, बिनकंपनीच्या ३२ जीबी पेन ड्राइव्हमध्ये श्रीलिपी आणि नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) यांतल्या लग्नपत्रिकांच्या फायली आहेत. आता ड्राइव्हचं अक्षर दिसतं, पण उघडायला गेलं की 'इन्सर्ट डिस्क' असा संदेश येतो. प्रॉपर्टीजमध्ये ० बाइट. फॉरमॅटही होत नाही.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी ठरवा, फायली हव्यात की पेन ड्राइव्ह? दुसरा रस्ता धरलात की पहिला कायमचा बंद होतो.

आत मुख्य चिप दोन असतात : कंट्रोलर आणि माहिती साठवणारी नँड फ्लॅश. कुठे काय ठेवलंय याचा तक्ता कंट्रोलर नँडमध्येच लिहितो. लिहिणं चालू असताना वीज गेली किंवा ड्राइव्ह उपसला, तर तक्ता अर्धवट राहू शकतो. मग कंट्रोलर संगणकाला ओळख देतो, पण त्याला नँड वाचता येत नाही. म्हणून अक्षर दिसतं आणि माप शून्य. फॉरमॅट किंवा फोटोरेकसारखी फायली परत मिळवणारी सॉफ्टवेअर इथपर्यंत पोचतच नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

एक उपाय मात्र फायलींना धक्का न लावता करता येतो. कवच उघडून भिंगानं पाहा. नँड दोन्ही बाजूंना २४-२४ पायांची असेल, तर वाकण्या-आपटण्यानं एखाद्या पायाचं सोल्डर सुटलेलं असू शकतं. फ्लक्स लावून बारीक टोकाच्या सोल्डरिंग गननं पाय पुन्हा चिकटवा. मोबाइल दुरुस्तीवाला हे सहज करतो. दोन्ही चिप एकातच बसवलेली एकसंध काळी पट्टी निघाली तर हा उपाय नाही. तरीही शून्यच आलं आणि फायली मोलाच्या असतील तर इथेच थांबा, नँड थेट वाचणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. खर्च ड्राइव्हच्या किमतीच्या कित्येक पट येतो, हे धरून चला.

फायलींवर पाणी सोडायची तयारी असेल तर चिपजीनियस हे ड्राइव्हची ओळख सांगणारं सॉफ्टवेअर चालवा. त्यात कंट्रोलरचं नाव आणि मॉडेल क्रमांक दिसतो : फिसन, अल्कोर, सिलिकॉन मोशन, चिप्सबँक वगैरे. बाहेरचं कवच पाहून टूल निवडू नका. एकाच रंगाच्या, एकाच डब्यातल्या दोन ड्राइव्हमध्ये वेगळे कंट्रोलर निघतात. नेमक्या त्याच मॉडेलचं मास प्रॉडक्शन टूल, म्हणजे कारखान्यात ड्राइव्ह तयार करताना वापरतात ते सॉफ्टवेअर, घ्या. चुकीचं टूल एक तर ड्राइव्ह ओळखत नाही, नाही तर भलतं फर्मवेअर (कंट्रोलर चालवणारं सॉफ्टवेअर) भरून त्याला पुरता मारतं. ही टूल्स अनोळखी ठिकाणांहूनच मिळतात, म्हणून दुकानाच्या कामाच्या संगणकावर चालवू नका. ड्राइव्ह मागच्या पोर्टला थेट लावा, हब नको, आणि यूपीएस चालू ठेवा. टूल खराब ब्लॉक वगळून नवा तक्ता लिहितं, त्यामुळे ३२ चे २८ जीबी झाले तर दचकू नका. असा ड्राइव्ह पत्रिका छापखान्यापर्यंत नेण्यापुरता वापरा, साठवणीला नाही.

प्रश्न : बाजारात स्वस्तात '५१२ जीबी'चा पेन ड्राइव्ह घेतला. भजनांची पहिली काही रेकॉर्डिंग वाजतात, पुढची नावं दिसतात पण वाजत नाहीत.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : माप खोटं आहे. कंट्रोलरमध्ये ५१२ लिहिलंय, पण आतली नँड लहान आहे. तिची हद्द संपली की पुढचं लिखाण हवेत जातं किंवा आधीच्यावर चढतं. वाजणारी रेकॉर्डिंग आजच दुसरीकडे उतरवा. मग ड्राइव्ह रिकामा करून एचटूटेस्टडब्ल्यू या खरी जागा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं पूर्ण तपासा. सेकंदाला १० एमबीच्या वेगानं ५१२ जीबी लिहायलाच चौदा तासांवर लागतात, तेव्हा रात्री लावून ठेवा. अहवालात जेवढं 'ओके' येईल, तेवढीच खरी जागा. ती ७.३ जीबी निघाली तर विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' या आज्ञेनं आपला ड्राइव्ह खात्रीनं ओळखा, तो निवडा, 'क्लीन' करा आणि ७००० एमबीचंच पार्टिशन करा. क्रमांक चुकला तर हार्ड डिस्क साफ होईल. नंतर त्या पार्टिशनवर तीच चाचणी पुन्हा घ्या. दुकानदार बदलून देत असेल तर हा खटाटोप न केलेलाच बरा.

प्रश्न : ६४ जीबीचा ड्राइव्ह संगणकावर नीट चालतो, ट्रॅक्टरच्या म्युझिक सिस्टिमवर दिसत नाही.
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : ड्राइव्ह बिघडलेला नाही. तो एक्सफॅट या फायली मांडण्याच्या पद्धतीत असणार, आणि अनेक जुन्या सिस्टिम फॅट३२ ही जुनी पद्धतच वाचतात. गाणी काढून ठेवा, ३०००० एमबीचं पार्टिशन करून फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.