प्रश्न तुमचे: सगळा पाया उकरू नका

प्रश्न: साताऱ्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गणित शिकवतो. वर्गात लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी शिकायला आलेल्या ताई आहेत, आयटीआय करून एमआयडीसीत शिफ्टला जाणारी मुलं आहेत. "सर, आमचं गणित पहिल्यापासूनच कच्चं," हे ठरलेलं. पाचवीपासून सगळं पुन्हा घेऊ का?
– एक प्राध्यापक, सातारा

उत्तर: अजिबात नको. महिना-दोन महिने जातील आणि येणारे-न येणारे दोघंही वैतागतील. पहिल्याच आठवड्यात एका पानावर बारा छोटी गणितं द्या: चार अपूर्णांकांची, तीन वजा चिन्हांची, तीन शेकडेवारीची, दोन साधी समीकरणं. वेळ २५ मिनिटं. गुण नाहीत, कॅल्क्युलेटर नाही, खोडरबरही नाही. चुकलं तर एक रेघ मारायची. ती रेघ मारलेली पायरीच तुम्हाला हवी असते.

तपासताना चूक कुठल्या जातीची आहे ते पाहा. २/३ + १/४ = ३/७ लिहिणाऱ्याने वरचे वर, खालचे खाली मिळवलेत; छेद म्हणजे तुकडा केवढा, हे त्याला उमगलेलं नाही. −(क्ष − ४) चं −क्ष − ४ करणाऱ्याचे अपूर्णांक कदाचित पक्के असतील, त्याचं वजा चिन्ह फक्त पहिल्या पदापर्यंत पोचतं. दोघांना एकच उजळणी देऊन काय साधणार?

वेळ घालवायचाच तर शेकडेवारीवर घालवा, वाणिज्यात पुढचं बरंच काही तिच्यावर उभं आहे. विचारा: बिल जीएसटीसह ११८० रुपये, दर १८ टक्के, मूळ किंमत किती? पुष्कळ जण ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२.४० वजा करून ९६७.६० सांगतील. 'चूक' म्हणू नका. त्या ९६७.६० वर त्यांनाच १८ टक्के लावू द्या, ११४१.७७ येतात. बिल जुळत नाही, हे दुकानात बसलेल्या माणसाला लगेच खटकतं. मग सांगा, कर मूळ किमतीवर लागला, बिलाच्या रकमेवर नाही. म्हणून ११८० ला १.१८ ने भागायचं. १००० मिळतात.

तोंडी हिशेबात तरबेज असलेल्यांची एक खोड असते: ४० + २५ = ६५ × २ = १३० असं एका दमात लिहायचं. उत्तर बरोबर, पण ४० + २५ म्हणजे १३० नव्हे! समीकरणं आली की हीच सवय नडते. एका ओळीत 'बरोबर'चं चिन्ह एकदाच, असा दंडक घाला.

चक्रवाढ व्याजासारखा नवा प्रकार आला की चार गणितं द्या: पहिलं पूर्ण सोडवलेलं, दुसऱ्याची शेवटची ओळ गाळलेली, तिसऱ्याची फक्त पहिली ओळ दिलेली, चौथं कोरं. सुरुवातीलाच कोरं दिलं तर सूत्र आठवणं, आकडे भरणं, घात काढणं हे सगळं एकदम डोक्यात मावत नाही आणि माणूस हात टेकतो.

राहिला वेळ. रयत शिक्षण संस्था १९२४ पासून जिथून चालते, त्या साताऱ्यात 'कमवा आणि शिका' कुणी समजावून सांगायला नको. तरी जादा तास नेमका संध्याकाळी पाचला ठेवला जातो. दुसरी शिफ्टवाला गळतो, एसटी गाठणारी ताईही गळते. रोजच्या तासातलीच पहिली दहा मिनिटं त्यासाठी काढा.

प्रश्न: वय ३७. घरचं आवरून रात्री दोन तास वाचते. वाचताना सगळं कळतं, पेपरात आठवत नाही.
– एक विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर: ताई, वाचन कमी करा. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो, पण पेपरात तो समोर नसतो. २० मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनने भरा. दोन दिवसांनी आणि आठवड्याने तेच पुन्हा, मात्र आधी लिहायचं, मग पाहायचं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे.

गणितात एकाच प्रकारची दहा उदाहरणं सलग सोडवू नका. तीन-चार प्रकार मिसळा. कुठलं सूत्र लावायचं हे पेपर सांगत नाही. पहिले काही दिवस कागद जवळपास कोराच राहील. घाबरून पुन्हा वाचायला बसू नका.