छोटी युनिव्हर्सिटी, मोठी काळजी

सावंतवाडीहून एका वडिलांचं पत्र आलंय. हार्डवेअरचं दुकान आहे त्यांचं. मुलीचं बीएस्सी झूलॉजी यंदा संपतंय आणि तिला गोवा युनिव्हर्सिटीत मरीन सायन्सला एमएस्सी करायचंय. वडिलांचं म्हणणं, मुंबईला जा, तिथे डोंबिवलीला आत्या आहे, युनिव्हर्सिटीला नाव आहे. "गोव्याची एवढीशी युनिव्हर्सिटी, उद्या नोकरीला गेल्यावर कोण विचारणार? आणि मासळीचं शिकायला एमएस्सी कशाला लागते, ते आमच्याकडे बाजारात रोजच कळतं." पुढे पैसे किती मिळतील, हेही विचारलंय. खाली ताजा कलमही आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

नमस्कार दादा,

बाजारातली तुमची कोटी आवडली. तिच्यात निम्मं खरंपण आहे, ते पुढे येईलच. आधी नावाचं बघू. तुम्ही ज्या मुंबई युनिव्हर्सिटीचं नाव घेताय ना, गोव्याची ही युनिव्हर्सिटी तिच्याच पोटातून आलेली आहे. १९८५ पर्यंत गोव्यातली कॉलेजं मुंबईलाच जोडलेली होती, पणजीला मुंबईचं पदव्युत्तर केंद्र होतं, त्याचीच पुढे ही युनिव्हर्सिटी झाली. सरकारी आहे, डिग्रीला यूजीसीची मान्यता आहे, त्यामुळे नेट (प्राध्यापकी-संशोधनासाठीची देशपातळीवरची परीक्षा) द्या, पीएचडीला अर्ज करा, कागदावर मुंबईच्या आणि गोव्याच्या डिग्रीत काडीचा फरक नाही. नावाचा फायदा मिळतो तो कॅम्पस इंटरव्ह्यूला दारात कंपन्या येतात अशा कोर्सेसना, आणि समुद्राच्या अभ्यासाला कंपन्या रांग लावून कुठेच येत नाहीत हो, मुंबईलाही नाही.

मग या लाइनमध्ये पोरांचं नशीब कशावर ठरतं? एमएस्सी संपताना तिच्या हाताने काय काम झालेलं आहे आणि तिच्यासाठी दोन ओळींचं शिफारसपत्र मनापासून कोण लिहील, यावर. आणि इथे छोटं असण्याचा फायदा आहे.

एक बघितलेलं सांगतो. दोनेक वर्षांपूर्वी गोव्यात मांडवीच्या काठी, खारफुटीच्या कडेला, सकाळी साडेसहाला एक पोरगी गुडघाभर चिखलात उभी. हातात पीव्हीसी पाइपची चौकोनी चौकट, ती चिखलावर टाकायची, आतला चिखल खणून पिशवीत भरायचा, पिशवीवर पेन्सिलने नंबर, की पुढची जागा. एक चप्पल चिखलाने गिळलेली, दुसरी तिने स्वतःच काढून पिशवीत टाकलेली. काठावर तिचे सर पँट दुमडून उभे, घड्याळ बघत, कारण पाणी चढायला लागलं की संपलं. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज साडेसहा तर आठवड्याने भर दुपार, टाइमटेबल चंद्राच्या हातात. नंतर लॅबमध्ये तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, जे वर राहील त्याला गुलाबी रंग द्यायचा म्हणजे जीव असलेलं तेवढं उठून दिसतं, आणि मग मायक्रोस्कोपखाली बसून किडे, बारके शिंपले, खुबे एकेक मोजायचे. आठवडेच्या आठवडे. मी विचारलं कंटाळा नाही येत? म्हणाली, येतो की, पण या पॅचमध्ये काय आहे ते आत्ता जगात फक्त मला माहितीय.

हे वाक्य ज्या पोराच्या तोंडी येतं त्याचं पुढे बरंच होतं, हा माझा अनुभव. आणि ते वाक्य यायला सर काठावर उभे असावे लागतात. शंभर पोरांच्या वर्गात सरांनी काठावर उभं राहायचं तरी किती जणांसाठी?

आता जागेचा मुद्दा. ताळगावच्या पठारावर कॅम्पस, तिथून दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, अगदी जवळ. १९६६ पासूनची, देशातली या विषयाची मुख्य संस्था. नदीपलीकडे वास्कोला एनसीपीओआर, भारताचं अंटार्क्टिकाचं काम बघणारी संस्था. १९८१ साली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली ती गोव्यातूनच, आणि तिचे प्रमुख डॉ. कासिम हे त्याआधी याच एनआयओचे संचालक होते. मांडवी, झुआरी, खाजनं, चोडणचं खारफुटीचं बेट, सगळं तासाभराच्या आत. म्हणजे युनिव्हर्सिटी छोटी असली तरी तिच्याभोवतीची प्रयोगशाळा काही छोटी नाही.

पण आता दुसरी बाजू, कारण नुसतं गोड लिहायला मला कुणी पैसे देत नाही (तसेही देत नाहीत). छोट्या ठिकाणी ताटात आपोआप काही पडत नाही. एखाद्या विषयाचा माणूस एकच असतो, ते रिटायर झाले किंवा रजेवर गेले की तो विषय तिथून गेलाच समजा. एखादं मशिन बंद पडलं तर दुसरं नसतं, शेजारच्या संस्थेत जाऊन वेळ मागावी लागते, आणि ती मागायला तोंड लागतं. लाजरी मुलगी असेल तर दोन वर्षं मागच्या बाकावर छान मार्क मिळवून ती परत येईल, हातात काही नसताना. आणि वर्ग लहान म्हणजे भांडण झालं तर लपायला जागा नाही, तेच वीस-पंचवीस चेहरे लॅबमध्ये, कँटीनमध्ये, हॉस्टेलच्या बेसिनपाशी. काही मुलांना हे घरासारखं वाटतं, काहींचा जीव गुदमरतो. तुमची कुठली, ते तुम्हालाच माहीत. भाषेचं मात्र टेन्शन घेऊ नका, मालवणी बोलणाऱ्या पोरीला कोंकणी कळायला आठवडा पुरतो, आणि चतुर्थीला अख्खं गोवा गावी जातं तेव्हा तीही घरी येईल, साठेक किलोमीटर तर आहे.

या साठ किलोमीटरवरूनच एक गैरसमज होतो. तुम्ही शेजारी असलात तरी सिंधुदुर्ग मुंबई युनिव्हर्सिटीत येतो, त्यामुळे गोव्याच्या दृष्टीने तुमची मुलगी बाहेरची. बाहेरच्यांना जागा मर्यादित, आणि प्रवेश परीक्षा आहे. म्हणून मुंबईचाही फॉर्म भराच, त्यात अपमान कसला. हॉस्टेलचं आधी विचारा, अॅडमिशन झाल्यावर नाही.

आणि पैशाचं विचारलंय ते सरळ सांगतो. नुसत्या एमएस्सीवर पगार मोठा नाही. प्रोजेक्ट असिस्टंट, पर्यावरण अहवाल करणाऱ्या कन्सल्टन्सी, मत्स्यविभागाच्या परीक्षा, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणं, सुरुवात अशीच होते. सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा असते, तिच्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, निघाली तर पीएचडी करताना महिना ३७,००० मिळतात, २०२३ पासून हा दर आहे, वर घरभाडं वेगळं. म्हणजे दुकानावर भार न टाकता शिकता येतं, पण जेआरएफ निघेलच असं लिहून देणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून क्लास लावू नका.

तुम्ही एक काम करा. कामाच्या दिवशी सकाळची गाडी पकडून दोघं जण जा, रविवारी नको. विभागप्रमुखांना भेटा पण त्यांच्याकडे पाच मिनिटंच, खरा वेळ दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर घालवा. त्यांना कँटीनमध्ये चहा पाजा आणि विचारा, डिझर्टेशनचा विषय तुम्ही निवडला की दिला गेला, बोटीवर किती वेळा गेलात, मागच्या बॅचचे कोण कुठे आहेत. मुलं खरं सांगतात, फक्त वडील जरा लांब उभे राहिले तर बरं. आणि मुलगी तिथे स्वतः किती प्रश्न विचारते ते बघा. एकही नाही विचारला, तर मग आत्याकडे पाठवा, माझी हरकत नाही.

आता बाजाराचं. तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) यंदा कमी का आल्या, हे तुम्हाला बाजारात कळतं ते "कमी आल्या" एवढंच. का, हे शोधायला कुणीतरी चिखलात उभं राहावं लागतं, एवढाच दोन्हीतला फरक.

ताज्या कलमात तुम्ही विचारलंय, पोहता येत नाही तिला, चालेल का. चिखलात चालेल, बोटीवर लाइफजॅकेट असतं. तरी गावच्या विहिरीत पाणी असेल तर या मे महिन्यातच पाठीला डबा बांधून उतरवा, जूनला विहीर भरली की तुम्हीच नको म्हणाल.